गोळी बंद करू नकोस बाय, आणि तेर्स बोटांवर म्हण

बाय, तू लिहिलेलं सगळं तीन वेळा वाचलं. वय ३१, मुलगा पाच वर्षांचा, मुलगी चौदा महिन्यांची, नवरा बोटीवर, घरात तू आणि सासूबाई. धाकटीच्या वेळचं बाळंतपण नीट झालं आणि चौथ्या महिन्यात बोटं सुजायला लागली, आधी सगळे चिकनगुनिया म्हणाले, मग गोव्याला बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं तिथे आरए निघाला, रुमेटॉइड संधिवात. आता आठवड्याची गोळी चालू आणि थोडं स्टेरॉइड. आणि मग खरे प्रश्न, ते तू अगदी शेवटी घाईघाईत लिहिलेस. दोन महिने मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या रविवारच्या उपासनेला, गेले नाही, संध्याकाळचा तेर्स, म्हणजे रोझरीचा जप, राहतो, प्रार्थनेला बसले की झोप लागते नाहीतर रडू येतं, प्रेयर ग्रुपमधल्या एका बाईने सांगितलं गोळ्या खातेस म्हणजे तुझा येशूवर भरवसा नाही, आणि पोरगा विचारतो मम्मी तुझे हात देव बरे का करत नाय. तर माझा विश्वास गेला का, आणि गोळ्या सोडून बघू का.

मी कोण ते आधी सांगते म्हणजे कुठून बोलतेय ते कळेल. मी वेंगुर्ला तालुक्यातली, सरकारी दवाखान्यांत चौतीस वर्षं नर्स होते. २००३ साली मलाही हेच निघालं, तेव्हा थोरला सहा वर्षांचा आणि धाकटी दोन वर्षांची होती. म्हणजे ड्युटी, मुलं आणि हा आजार तिन्ही एकत्रच केलं. आता रिटायर आहे आणि रविवारी मिस्सा झाल्यावर जे आजारी चर्चला येऊ शकत नाहीत त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, घेऊन जाते. सध्या अकरा घरं आहेत. त्यातल्या तीन घरांत तुझ्यासारख्याच लहान मुलांच्या आया आहेत, त्यामुळे तू जे लिहिलंयस ते मी दर रविवारी कुठल्या ना कुठल्या ओटीवर बसून ऐकते.

आधी गोळ्यांचं, कारण बाकीचं थांबू शकतं, ते नाही. गोळी बंद करू नकोस. प्रेयर ग्रुपच्या बाईने सांगितलं म्हणून नाही, नोव्हेना, नऊ दिवसांची प्रार्थना, चालू आहे म्हणून नाही, बरं वाटतंय म्हणून तर अजिबातच नाही. तुला जे स्टेरॉइड दिलंय ते काही आठवडे पोटात गेलं की शरीर स्वतःचं तसलं द्रव्य बनवायचं कमी करतं, आणि मग एकदम बंद केलं तर रक्तदाब पडतो, उलट्या होतात, माणूस जाऊही शकतो. ते कमी करायचं तर डॉक्टर सांगतील तसं पायरी पायरीने. आणि आठवड्याची गोळी म्हणजे मेथोट्रेक्सेट, ती आठवड्यातून एकदाच, ठरलेल्या वारी. ही चूक मी वॉर्डात डोळ्यांनी बघितलीय, बाई रोज एक घेत राहिली, तोंडभर फोड आले आणि रक्तातल्या पेशी इतक्या खाली गेल्या की महिनाभर अ‍ॅडमिट होती. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर तुझ्या वाराला लाल गोल कर, फोलिक अ‍ॅसिड त्या वाराला नाही तर डॉक्टरांनी सांगितलेल्या दुसऱ्या वारी, आणि रक्त तपासायची तारीख चुकवू नकोस, कारण या गोळीने लिव्हरवर आणि पेशींवर परिणाम होतो तो आधी रक्तातच दिसतो.

अजून एक, हे चर्चच्या बायका बोलत नाहीत म्हणून मी बोलते. ही गोळी चालू असताना दिवस राहता कामा नयेत, बाळाला व्यंग येऊ शकतं. नवरा बोटीवरून सुट्टीवर यायच्या आधीच डॉक्टरांशी स्पष्ट बोल, आणि मनात काही टोचत असेल तर फादरांशीही बोल, लाजून गप्प बसू नकोस. पुढे तिसरं मूल हवं असेल तर काही महिने आधी गोळी बदलून देतात, वाट बंद नाही. धाकटीला अजून अंगावर पाजत असशील तर तेही डॉक्टरांना आजच सांग. आणि हा आजार बाळंतपणानंतर का आला असं तू विचारलंयस, तर तू काही केलंस म्हणून नाही. हा बायकांना पुरुषांपेक्षा दोन-तीन पट जास्त होतो, आणि कितीतरी जणींना गरोदरपणात जरा बरं वाटून बाळंत झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत उसळतो, शरीराची रोगाशी लढणारी ताकद उलटून स्वतःच्याच सांध्यांवर येते. जे चौथ्या महिन्यात झालं ते वैद्यकाच्या हिशोबात अगदी ओळखीचं आहे.

मी हे इतकं ठासून का सांगते त्याला कारण आहे. २००६ साली मी स्वतः गोळ्या फेकल्या. तीन दिवसांचं हीलिंगचं कन्व्हेन्शन होतं, कुठे आणि कोणाचं ते सांगत नाही, शेवटच्या संध्याकाळी स्टेजवरून सांगितलं की ज्याचा विश्वास आहे त्याने आपली औषधं पुढच्या खोक्यात आणून टाकावीत. मी नर्स, मला स्टेरॉइड एकदम बंद केल्यावर काय होतं ते पाठ होतं, मी दुसऱ्यांना सांगायचे. तरी मी उठले आणि टाकल्या. कारण धाकटी पाच वर्षांची झाली होती आणि मला तिची वेणी घालता येत नव्हती, बोटांतून पेड सुटायचे, ती गपचूप शेजारच्या काकीकडे जाऊन घालून यायची. मला ती वेणी हवी होती, बाकी काही नाही. पाचव्या दिवशी मी न्हाणीघरात पडले, मिस्टरांनी उचलून रिक्षात घातलं, दवाखान्यात पोचेपर्यंत मला माझं नाव सांगता येत नव्हतं. इंजेक्शन आणि सलाइनने परत आले.

त्यानंतर आमचे तेव्हाचे म्हातारे फादर भेटायला आले. मला वाटलं ओरडतील नाहीतर समजूत घालतील. त्यांनी बायबल उघडून सिराकच्या पुस्तकातला ३८वा अध्याय वाचला, तो आपल्या कॅथलिक बायबलात आहे. त्यात सरळ लिहिलंय की वैद्याला मान दे, त्यालाही देवानेच निर्माण केलंय, औषधं देवानेच जमिनीतून उगवली आणि शहाणा माणूस ती नाकारत नाही. नर्सिंगच्या शाळेपासून चर्चला जाणारी मी, आणि हा अध्याय मला चाळिशीला कोणीतरी वाचून दाखवावा लागला. मग मीच शोधायला लागले. प्रेषित पौलाने आपल्या शिष्याला, तीमथ्याला, लिहिलंय की तुझं पोट आणि वारंवार होणारे आजार बघता थोडा द्राक्षारस घेत जा, विश्वास कमी पडतोय असं कुठे लिहिलं नाही. त्रोफिम नावाच्या सोबत्याला तो मिलेत शहरात आजारी ठेवून पुढे गेला. आणि स्वतःच्या शरीरातला काटा काढून टाक म्हणून तीनदा विनवणी केली तेव्हा काटा निघाला नाही, माझी कृपा तुला पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं. ज्याच्या हातून लोक बरे झाले त्या पौलाचं हे. त्याच्याबरोबर फिरणाऱ्या लूकला तो प्रिय वैद्य म्हणतो. मग तुझ्या-माझ्या आठवड्याच्या गोळीने देवाचा काय अपमान होणार.

देव बरं करत नाही असं मी म्हणत नाही हां. मी मानते की करतो, आणि रोज मागते. पण फ्रान्समधल्या लूर्दला, जिथे १८५८ मधे मरियामातेची दर्शनं झाली, तिथेही कोणी बरं झालं असं सांगितलं तर आधी डॉक्टर कागद तपासतात, आणि इतक्या वर्षांत लाखो आजारी जाऊन आले त्यातले चर्चने अधिकृत चमत्कार म्हणून मान्य केलेले सत्तरच्या आसपासच आहेत. बाकीच्यांचा विश्वास खोटा होता का? तुला एक आई सांगते. झेली मार्टिन, फ्रान्समधली, लेस विणून विकायचा धंदा स्वतः चालवायची, नऊ मुलं झाली त्यातली चार लहानपणीच गेली. तिला स्तनाचा कॅन्सर झाला. १८७७ च्या जूनमधे मुलींना घेऊन लूर्दला गेली, बरी झाली नाही, तशीच परत आली आणि ऑगस्टमधे गेली. धाकटी तेव्हा साडेचार वर्षांची होती, तीच पुढे लिझ्यूची संत तेरेजा. आणि चर्चने २०१५ मधे झेलीला आणि तिच्या नवऱ्याला दोघांना संत जाहीर केलं. जी बरी न होता परत आली तिला. मला मिस्साच्या वेळी कधी एकदम पोकळ वाटलं ना की मी तिचा विचार करते, परतीच्या गाडीत मुली शेजारी बसल्यात, तिकडचं पाणी बाटलीत घेतलंय, आणि दुखणं तस्संच.

आता मिस्साचं. तू लिहिलंयस की रविवार चुकला की छातीत धडधडतं. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकात, २१८१ क्रमांकाच्या परिच्छेदात, रविवारच्या मिस्सातून कोणाला सूट आहे त्याची उदाहरणं दिलीत. उदाहरणं दोनच, आजारपण आणि तान्ह्या मुलांची काळजी. तुझ्याकडे दोन्ही आहेत. हे मी पळवाट म्हणून नाही सांगत, तुला मिस्सा किती हवा आहे ते तुझ्या लिहिण्यात दिसतंय, पण जे पाप नाही ते पाप म्हणून डोक्यावर घेऊन फिरू नकोस. ज्या रविवारी जमेल त्या रविवारी जा, मागच्या बाकावर बस, गुडघे टेकू नकोस, धाकटी रडली तर रडू दे. आणि बऱ्याच बायका करतात ते करू नकोस, सकाळी सातच्या मिस्साला जायचं म्हणून काही खायचं नाही, मग रिकाम्या पोटी स्टेरॉइड चालत नाही म्हणून गोळीच टाळायची, आणि दुपारी अंग धरून पडायचं. ख्रिस्तप्रसादाआधी उपवास एक तासाचाच आहे, त्यात पाणी आणि औषध चालतं, आणि जे आजारी आहेत किंवा वयस्क आहेत त्यांना आणि त्यांची सेवा करणाऱ्यांना एक तासाचीही अट नाही, हा चर्चचाच कायदा आहे. पेज जेव, गोळी घे, मग जा. ईस्टरच्या आधीच्या प्रायश्चित्तकाळातल्या उपवासांचंही तेच, आजाऱ्याला बंधन नाही.

आणि रुग्णाभ्यंगाबद्दल, म्हणजे आजाऱ्याला पवित्र तेल लावायच्या संस्काराबद्दल, फादरांना विचार. आपल्याकडे फादर तेल घेऊन दारात आले की वाडीत समजतात आता ह्या घरातलं कोणीतरी जाणार, बायका पदर डोळ्याला लावून येतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे १९६२ ते ६५ मधे, स्पष्ट सांगितलंय की हा संस्कार फक्त मरणाच्या दारात असलेल्यांसाठी नाही, गंभीर आजारात लवकर घ्यायचा असतो. आजार बळावला तर परतही घेता येतो. मी आजवर चारदा घेतलाय. कपाळावर आणि तळहातांवर तेल लावतात. माझ्या तळहातांवर, ज्यांच्यावर मी इतकी वर्षं चिडलेय, त्यांच्यावर कोणीतरी हळू हाताने तेल लावतं तेव्हा काय वाटतं ते लिहिता येत नाही मला.

प्रार्थनेला बसता येत नाही म्हणतेस. बसू नकोस. सकाळी उठल्यावर तास-दीड तास सांधे आखडलेले असतात, मूठ वळत नाही, पेस्टची ट्यूब दाबता येत नाही, त्या वेळी मी चुलीवरच्या टोपातलं कोमट पाणी दुसऱ्या टोपात घेऊन त्यात दोन्ही हात मनगटापर्यंत दहा मिनिटं बुडवून ठेवते. डॉक्टरांनी सांगितलेलं, बोटं मोकळी व्हायला. ती दहा मिनिटं माझी प्रार्थना आहे, कारण तेव्हा दुसरं काही करताच येत नाही, फोन उचलता येत नाही, भाजी चिरता येत नाही. आधी थोडा वेळ काहीच येत नाही मनात. मग हे प्रभो दया कर. परत तेच. पाण्यात बोटं एकेक करून वळवत. बरेच दिवस त्याच्या पुढे जातच नाही आणि पाणी गार होतं, की उठायचं.

तेर्स बोटांवर म्हण. मणी ओढायला अंगठा आणि तर्जनी लागते आणि आपली नेमकी तीच दुखतात, मी कितीतरी वर्षं दात आवळून मणी ओढले, कशासाठी कोण जाणे. एका दशकाच्या, म्हणजे तेर्साच्या एका भागाच्या, नमो मरिया दहा, बोटं दहा. एकेका बोटावर एक. उजवी तर्जनी माझी सगळ्यात वाईट, ती वाकडी झालीय आता, तिच्यावर आले की मी धाकटीचं नाव घेते. पाच दशकं व्हायलाच हवीत असंही नाही. एक झालं तर एक. आणि सासूबाईंना सांग मोठ्याने म्हणायला, तू बाजूला चटईवर पड आणि ऐक, धाकटीला पोटाशी घेऊन. झोप लागली तर लागू दे, म्हाताऱ्या बाईच्या आवाजातला तेर्स ऐकत झोपणाऱ्या पोरांना जे मिळतं ते तुलाही मिळेल.

रडू येतं म्हणतेस त्याचं. एक सकाळ सांगते. २००४ चा जुलै, पाऊस असा की पागोळ्यांच्या आवाजात घरातलं बोलणं ऐकू येत नव्हतं. थोरला शाळेला निघाला होता, शर्टाची बटणं लावायची होती. वरचं बटण माझ्या बोटांतून सुटलं, परत धरलं, परत सुटलं, चार-पाच वेळा, बाहेर रिक्षावाला हॉर्न देतोय. मी पोरावर ओरडले, सरळ उभा राहा. तो सरळच उभा होता. मग त्याने माझा हात बाजूला केला आणि स्वतः लावली, एक घर चुकून, कॉलर एका बाजूला वर, आणि तसाच पावसात गेला. मी पायरीवर बसले आणि आतल्या क्रुसाकडे बघून म्हणाले, तुला एक बटण लावता येत नाही? एवढं जग बनवलंस आणि एक बटण? त्या दिवशी मला वाटलं माझा विश्वास संपला. कितीतरी वर्षांनी स्तोत्रं नीट वाचायला घेतली तेव्हा कळलं की हे असंच देवाला बोललेलं बायबलात पानंच्या पानं आहे, किती वेळ मला विसरणार, तोंड का लपवतोस. ८८ वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळ नाही, आणि चर्च ते रात्रीच्या प्रार्थनेत म्हणतं. ज्याच्यावर विश्वास उरला नाही त्याच्याशी कोणी भांडत नाही गो.

पण नर्स म्हणून यात एक वेगळं सांगायला हवं. रडू दोन आठवड्यांच्या वर रोज येत असेल, धाकटी झोपलेली असतानाही तुला झोप येत नसेल, पोरांबद्दल काही वाटेनासं झालं असेल, आपण नसलेलं बरं असं मनात येत असेल, तर ते पापनिवेदनात सांगून पुरणार नाही, डॉक्टरांनाच सांगायला हवं. बाळंतपणानंतर हे होतं, सततच्या दुखण्यातही होतं, आणि तुझी दोन्ही एकाच वेळी आलीत. सरकारचा टेलि-मानसचा नंबर आहे १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्रीही उचलतात, मराठीत बोलता येतं. मनाची गोळी लागली तर तीही गोळीच.

दुःख देवाला अर्पण कर असं तुला कोणीतरी सांगितलं आणि तुला राग आला म्हणतेस. राग बरोबर आहे. हे वाक्य माणसाने स्वतःपुरतं म्हणायचं असतं, दुसऱ्याला सांगायचं नसतं. मी माझं दुखणं अर्पण करते, काही दिवस तेवढंच जवळ असतं द्यायला, पण ते कोणी सांगितलं म्हणून नाही. आणि अर्पण केलं म्हणून डॉक्टरांपासून लपवायचं असंही नाही. दहापैकी किती दुखतं विचारलं की आपल्या बायका चार सांगतात आणि असतं आठ. आठ सांग.

सासूबाई म्हणतात देवाक इसारलंस म्हणान ह्या झाला. बाय, त्या घाबरल्यात. मुलगा समुद्रावर, सून अंथरुणात, दोन पोरं, आणि सत्तरीत रहाटाचं पाणी ओढायची वेळ आली, माणूस कारण शोधतो, कारण सापडलं की उपाय असेल असं वाटतं. जन्मापासून आंधळा असलेल्या माणसाला बघून शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, पाप याचं की आईबापाचं. येशू म्हणाला दोघांचंही नाही. योहानाचा नववा अध्याय आहे, तू वाद घालू नकोस, एखाद्या संध्याकाळी थोरल्याला गोष्ट म्हणून मोठ्याने वाचून दाखव, त्या ऐकतील.

आणि थोरल्याचा प्रश्न. माझ्या धाकटीने हाच विचारला होता. देव मम्मीची परीक्षा घेतोय असं पोरांना सांगू नकोस, मग देव शाळेतल्या मास्तरांसारखा होतो. तू शहाण्यासारखा वागलास की मम्मी बरी होईल असं तर कधीच नको, मी वॉर्डात बघितलंय, आईचं दुखणं वाढलं की असं मूल कोपऱ्यात जाऊन स्वतःला दोष देत बसतं. मी तिला सांगितलं, मला माहीत नाही, मी पण त्याला रोज विचारते, तू पण विचार. आणि तिला थोमा नावाच्या शिष्याची गोष्ट सांगितली, येशू मेलेल्यांतून उठला तरी त्याच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा गेल्या नव्हत्या, त्याने त्याच हात पुढे करून दाखवल्या. तिने माझी बोटं उलटीपालटी करून बघितली आणि खेळायला गेली. पोरांना एवढं पुरतं. आपल्यालाच जास्त लागतं. विश्वास त्यांना कसा देऊ म्हणतेस, तर औषध घेण्याआधी त्यांच्यासमोर कपाळावर क्रुसाची खूण कर, आणि कॅलेंडर बघून आज गोळीचा वार आहे का ते सांगायचं काम थोरल्याला दे, गोळीला मात्र त्याला हात लावू देऊ नकोस, आणि डबी परत उंचावर ठेव. ओरडलीस तर संध्याकाळी त्याला सॉरी म्हण. त्या बटणाच्या दिवशी मी म्हणाले नव्हते.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. चौघांनी बाजेवरून आणलेल्या पक्षघाती माणसाची गोष्ट तुला माहीत आहे, गर्दीमुळे आत जाता येईना म्हणून छपरातून खाली सोडला. लूकने त्यात कौलं काढून असं लिहिलंय. आपण कोकणातली माणसं, मे महिन्यात घर शाकारताना एक कोपरा उघडला तरी काय काय खाली पडतं ते आपल्याला माहीत आहे, वर्षाची धूळ, कोळिष्टकं, एखादा विंचू, फुटके नळे. म्हणजे येशू बोलत असताना ते सगळं त्याच्या आणि लोकांच्या डोक्यावर पडलं असणार, घरमालक खालून ओरडत असणार. आणि तिथे लिहिलंय की येशूने त्यांचा विश्वास बघितला. त्यांचा, अनेकवचन. बाजेवरचा माणूस त्या सगळ्या गोष्टीत एक शब्द बोलत नाही. त्याचा विश्वास होता की नव्हता, त्या दिवशी त्याला प्रार्थना सुचत होती की नव्हती, कोणी विचारलंही नाही.

माझी कौलं काढणारी कोण होती सांगते. मिस्टर, जे स्वतः कधी मोठ्याने प्रार्थना म्हणायचे नाहीत पण त्या जुलैनंतर रोज सकाळी थोरल्याची बटणं लावून मगच कामाला जायचे. माझी आई, जिने तेर्स माझ्या वाटणीचाही म्हटला. ते म्हातारे फादर. आणि शेजारची गाबतीण काकी, जी चर्चला येत नाही, तिचा देव वेगळा, पण धाकटीची वेणी तिने घातली, आणि आठवड्यातून दोनदा मासळी साफ करून, खोबरं खवणून आमच्या मागच्या दारात ठेवायची, तू बस गो मी करतंय एवढंच म्हणायची. खवणीवर नारळ फिरवणं म्हणजे मनगटाचा जीव जातो, ते तिने मी न सांगता ओळखलं होतं. सुरुवातीला मी तिला नको नको म्हणायचे. नर्स होते ना, मी लोकांचं करणारी. नको म्हणणं हीच माझी अडचण होती, विश्वास नव्हे.

तू कोणालाच सांगितलं नाहीयेस असं लिहिलंयस. नवऱ्याला बोटीवर टेन्शन नको म्हणून, माहेरी आईला बीपी आहे म्हणून, चर्चमधे लोक काय म्हणतील म्हणून. मग बाज उचलणार कोण? आज कॅलेंडरवर लाल गोल करशील तेव्हा त्याच पानामागे चार नावं लिही. पहिलं नवऱ्याचं, पुढच्या फोनवर त्याला आठ हा आकडा सांग. दुसरं सासूबाईंचं, त्या आधीच उचलतायत, फक्त कुरकुरत. तिसरं वाडीतलं एखादं, जिला नारळ खवणून दे असं सांगता येईल. चौथं सुचलं नाही तर जागा रिकामी ठेव, पॅरिश ऑफिसला फोन करून सांग की घरी ख्रिस्तप्रसाद हवा आहे, दोन महिने येता आलं नाही. जी कोणी पहिल्या रविवारी घेऊन येईल तिला ओटीवर बसव, काळा चहा सासूबाई देतील, आणि मग तिचं नाव तिथे लिही.